त्या रात्रीचे उपकार आणि आताचं मत

राजापूरच्या खाडीकाठच्या एका वाडीतून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून, त्यांच्या परवानगीने त्यातला गाभा आधी देते.

'ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. थोरले दीर एका पॅनेलचे पुढारी, त्यांचा मुलगा उमेदवार. माझे यजमान दुसऱ्या पॅनेलच्या बाजूचे. नळपाणी योजनेच्या टाकीचं काम अर्धवट राहिलं, त्याचा त्यांना राग आहे. घरं दोन, पण अंगण एक, विहीर एक, गणपती एक. बारा वर्षांपूर्वी यजमानांना फुरसं चावलं तेव्हा दिरांनीच रात्री होडीतून खाडीपलीकडे नेलं आणि गाडी करून इस्पितळात पोचवलं. परवा प्रचारात ते चारचौघांत म्हणाले, "त्या रात्री मी नसतो तर आज विरोधात उभा राहायला हा उरला असता का?" तेव्हापासून माझी झोप गेली आहे. पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते. जाऊबाई विहिरीवर बोलत नाहीत. माझं वय ५१. मन शांत कसं ठेवू? सगळे सांगतात, कृतज्ञ राहा म्हणजे बरं वाटेल. मला तर आता त्या शब्दाचीच धास्ती वाटते. आम्ही कृतघ्न आहोत का?'

ताई, नाही. कृतघ्न माणसाला हा प्रश्न पडत नाही आणि त्यापायी त्याची झोप उडत नाही. तुमच्या मनात त्या रात्रीची जाण शाबूत आहे, म्हणून तर ते वाक्य इतकं लागलं. पण कृतज्ञतेकडे जाण्याआधी तुमच्या छातीतल्या धडधडीबद्दल बोलते. शरीर हैराण असताना शहाणपणाचे चार शब्द डोक्यात शिरत नाहीत.

मी रत्नागिरीत चोवीस वर्षं समुपदेशन करते. निवडणुकीच्या दिवसांत माझ्याकडे येणारा माणूस 'निवडणुकीने त्रास होतो' असं कधी म्हणत नाही. पित्त झालंय, डोकं जड आहे, जेवण जात नाही, मुलगा उलट बोलतो, असं काहीतरी सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच कळतं की भाऊ समोरच्या पॅनेलात आहे. हा त्रास आपल्यापुरता नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना दर वर्षी ताणाची पाहणी करते. अध्यक्षपदाची निवडणूक हा आपल्या ताणाचा मोठा भाग आहे, असं सांगणारे प्रौढ २०१६ मध्ये ५२ टक्के होते, २०२० मध्ये ६८ आणि २०२४ मध्ये ६९. तिथल्या माणसाला निदान टीव्ही बंद करता येतो. तुमची निवडणूक कळशी घेऊन विहिरीवर समोर उभी राहते, म्हणून ती जास्त झोंबते.

पहिलं काम म्हणजे या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. ५१ हे पाळी थांबण्याच्या आसपासचं वय आहे. या वयात रात्री अचानक घाम येऊन, धडधडून जाग येणं पुष्कळ बायकांना होतं, आणि वरून ताण असला की ते वाढतं. सगळं निवडणुकीच्या माथी मारून बसू नका. आपल्याकडे बाईच्या धडधडीला 'मनाचे खेळ' म्हणून घरीच बसवतात, मग एखादीचा खरा आजार मागे राहतो. मी हे पाहिलेलं आहे.

तपासण्या ठीक आल्या तर उरतं ते असं. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच पातळ होते. पहाटेकडे शरीर आपल्याला उठवायच्या तयारीला लागतं आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढू लागतं. एरवी आपण कूस बदलतो आणि परत झोपतो. मनात भांडण साठलेलं असलं की ते नेमकं त्या पातळ झोपेत वर येतं. मग आपण फोन उचलतो, वेळ बघायला म्हणून, आणि पुतण्याच्या नाहीतर समोरच्या पॅनेलच्या कोणाच्या तरी स्टेटसवर नजर पडते. तिथून झोप संपलीच.

म्हणून फोन रात्री माजघरात ठेवा, उशाशी नको. जाग आली तर अंदाजे वीस मिनिटं पडून पाहा. झोप नाहीच आली तर उठा, बारीक उजेडात बसून लसूण सोला, कुळीथ निवडा. ज्यात हात गुंततात पण डोकं लागत नाही असं काम हवं. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली असली तरी. चारनंतरचा चहा हे पंधरा दिवस सोडा. प्रचारात दारात येईल त्याच्यासोबत अर्धा कप होतो आणि दिवसाला सहा-सात होतात, हे मला माहीत आहे.

धडधड सुरू झाली की मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत सोडा. पाच मिनिटं. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. ही शरीराची रचनाच आहे, त्यासाठी मन शांत असावं लागत नाही. तुम्ही भजनाला जात असाल तर हे तुमच्या अंगवळणी आहेच. अभंगाची ओळ लांबवून म्हणताना उच्छ्वास आपोआप लांब होतो, आणि तेही दहा जणांबरोबर. निवडणुकीत पहिली फुटतात ती भजनी मंडळं आणि क्रिकेटचे संघ. तुमच्या वाडीतलं मंडळ अजून बसत असेल तर शनिवार चुकवू नका. समोरच्या पॅनेलचे आहेत म्हणून तर मुळीच चुकवू नका.

वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप गप्प करून ठेवा. सोडू नका, कारण सोडलं की त्याचीही बातमी होते. न्याहारीनंतर एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा, दहा-दहा मिनिटं बघा. दिवेलागणीनंतर नाही. २०२४ साली आपल्याकडे लोकसभेचं मतदान ७ मे रोजी झालं आणि निकाल ४ जूनला लागला, मधे पूर्ण चार आठवडे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि निकाल २३ तारखेला. मला मतदानाच्या दिवशी कमी, आणि त्या मे महिन्यातल्या चार आठवड्यांत जास्त माणसं भेटली. हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि फोन मात्र हातात होता.

आता त्या वाक्याकडे येते.

फुरसं चावलं की रक्त गोठायची क्रियाच बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. इलाज एकच, प्रतिविष, आणि जितका उशीर तितका धोका. कुणाला तरी बोलावून विष उतरवायच्या नादात रात्र घालवलेली घरं तुमच्याही माहितीत असतील. तुमच्या दिरांनी वेळ न घालवता होडी काढली. ओहोटी होती की भरती, खाडीत गाळ किती होता, काही न बघता भावाला घेऊन गेले. यजमान जगले ते त्यामुळे. हे पूर्ण खरं आहे आणि ते पूर्णच धरून ठेवा. भांडणात आपण एक चूक करतो, समोरच्याने केलेलं कमी करून सांगतो. 'भावासाठी कोणीही केलं असतं', 'त्यांनी नाही तर दुसऱ्याने नेलं असतं.' असं म्हटलं की क्षणभर हलकं वाटतं, पण मग रात्री तीनला तेच वाक्य आपल्याला उठवतं, कारण ते खोटं आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

त्या रात्रीला जागणं म्हणजे त्यांच्या पॅनेलला मत देणं, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. दिरांनी भावाला वाचवलं ते भाऊ म्हणून. मत आहे ते टाकीसाठी. त्या टाकीचं पाणी ज्यांना प्यायचं आहे त्यांतल्या बहुतेकांना ना फुरसं चावलं, ना कोणी होडीतून नेलं. तुमच्या घराच्या ऋणाची परतफेड वाडीच्या पाण्यातून करायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, कृतज्ञता आणि मिंधेपणा, आणि आपल्या आज्यांना त्यांतला फरक नेमका माहीत होता. कृतज्ञ माणूस ताठ उभा राहून हात जोडतो. मिंधा माणूस खाली बघतो. मानसशास्त्रातही यावर काम झालं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मदत करणारा परतफेडीची अपेक्षा जितकी जास्त दाखवतो, तितकं घेणाऱ्याच्या मनावरचं ओझं वाढतं आणि कृतज्ञता कमी होते. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे. बारा वर्षं तुमच्या मनात दिरांबद्दल माया होती. चारचौघांतल्या एका वाक्याने तिचं कर्ज झालं. तुम्हाला भीती वाटते ती त्या कर्जाची. कृतज्ञता तुमच्याकडे आधीपासून होती आणि तिने कधी तुमची झोप मोडली नव्हती.

हे कोकणात जरा जास्त खोल रुतलेलं आहे, असं मला वाटतं. खोताने, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराने, बियाणं दिलं, अडीनडीला भात दिलं, म्हणून कुळाने पिढ्यानपिढ्या वेठ भरायची, मान खाली घालायची. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ एवढा दीर्घ संप केला तो या जाचाविरुद्ध. डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. जमिनीवरची गेली. 'आम्ही केलं म्हणून तुम्ही आहात' ही भाषा अजून ओटीवर बसलेली असते आणि दर निवडणुकीला घरातल्या माणसाच्या तोंडून बोलते. दिरांना हे दाखवून देऊ नका, फक्त ते वाक्य कुठून आलं असेल ते तुम्हाला समजावं म्हणून लिहिलं.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते, तुमच्याच भागातलं. प्रा. मधु दंडवते १९७१ पासून पाच वेळा राजापूरमधून लोकसभेवर गेले. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली. राजापूर रोडहून मुंबईला जाताना तुम्ही रात्री ज्यावर पाठ टेकता, तिची सुरुवात ती. तीवर झोपणाऱ्याला कोणी विचारत नाही की मत कुणाला दिलं होतं. आणि त्याच राजापूरने १९९१ मध्ये दुसऱ्या उमेदवाराला निवडून दिलं. म्हणून राजापूरकर कृतघ्न झाले का? आजही जुनी माणसं त्यांचं नाव आदराने घेतात. आदर एका जागी राहिला, मत दुसऱ्या जागी गेलं, दोन्ही आपापल्या जागी नीट होतं.

मग दिरांना सांगायचं काय? एवढंच: 'भाऊजी, त्या रात्रीचं आम्ही विसरलो नाही आणि विसरणार नाही. मताचं मात्र ज्याचं त्याला ठरवू द्या.' सकाळी ते ओटीवर एकटे चहा घेत असतील तेव्हा सांगा. संध्याकाळी कार्यकर्ते जमल्यावर नको, तेव्हा ते दीर नसतात, पॅनेलप्रमुख असतात. चारचौघांत बोलल्याचं उट्टंही काढू नका. ते चिडले तर 'बरं, येते' म्हणून निघा. दुसऱ्यांदा समजावायला जाऊ नका. यजमानांनी स्वतः जाऊन हे सांगितलं तर जास्त चांगलं, पण या दिवसांत दोन भाऊ समोरासमोर आले की टाकी आधी निघते, म्हणून तुम्ही जा.

आणि त्यांच्या बोलण्यातली भीती पण ऐका, ताई. पोटचा पोरगा पहिल्यांदा उभा आहे. सख्ख्या भावाचं घर विरोधात गेलं तर गाव काय म्हणेल, या काळजीने तेही झोपत नसतील. एवढ्याने त्यांचं बोलणं बरोबर ठरत नाही. पण घाबरलेल्या माणसाचं वाक्य म्हणून ते ऐकलं तर त्याची धार थोडी कमी होते.

माझ्या घरची गोष्ट सांगते. मी कॉलेजात असताना बाबा ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि चार मतांनी पडले. काकीच्या घरात पाच मतं होती. पुढचं गणित वाडीतल्या पोरांनाही येत होतं. बाबांनी काकांशी बोलणं टाकलं. आठवड्याभरात पाऊस लागला आणि लावणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी आई पहाटे उठली, भाकऱ्या थापल्या, डोक्यावर इरलं घेतलं आणि आमच्या शेताकडे न वळता काकीच्या मळ्यात उतरली. मला वाटलं भांडायला गेली, म्हणून मी मागोमाग गेले. आईने काकीच्या शेजारची ओळ धरली. गुडघाभर चिखल, वरून धार. काकीने एकदा वळून पाहिलं आणि परत वाकली. दुपारपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त आईच्या हातातली रोपं संपली की काकी आपल्या बाजूची जुडी मागे सरकवायची, न बघता. जेवायला बांधावर बसल्या तेव्हा काकीने डब्यातली सुकटीची चटणी घेतली आणि आईच्या भाकरीवर ठेवली. संध्याकाळी निघताना ती एवढंच म्हणाली, 'रोपं पुरली.' आई म्हणाली, 'पुरली.'

बाबा आणि काकांचा अबोला त्यानंतरही दीड वर्ष चालला. पण अंगणात कुंपण पडलं नाही, कारण त्या दोघी त्या अंगणातून रोज येत-जात होत्या. पुढे कधीतरी मी आईला विचारलं, ती पाच मतं कुणाला पडली हे काकीला विचारावंसं नाही वाटलं? आई म्हणाली, 'तिचा मळा उतारावर आहे. पाणी टिकत नाही. दोन दिवस गेले असते तर रोपं जून झाली असती.' मी आज लोकांना जे सांगते त्यातलं निम्मं मी त्या मळ्याच्या बांधावर शिकले.

तुम्हाला सगळे 'कृतज्ञ राहा' म्हणतात, त्यात तथ्य आहे. २००३ साली अमेरिकेत एमन्स आणि मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल आभार वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं चाललंय असं जास्त वाटलं. पण वहीतली यादी ही एकट्याने करायची गोष्ट आहे आणि तुमचं दुखणं माणसांतलं आहे. म्हणून तुम्हाला वेगळं काम देते.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा. त्या दिवशी आणि नंतरच्या पंधरवड्यात तुमच्या घराला कुणी कुणी हात लावला, त्यांची नावं लिहा. छपरावरची कौलं कुणी परत चढवली, आडवा झालेला फणस कुणी तोडून वाट मोकळी केली, वीज नव्हती तेव्हा फोन कुणी चार्ज करून आणून दिले, तार जोडायला आलेल्या वायरमनला पाणी कुणी नेऊन दिलं. सगळी नावं लिहून झाली की प्रत्येकापुढे लिहा, आज तो कुठल्या पॅनेलात आहे. कागद समोर ठेवून पाच मिनिटं नुसत्या बसा. हे काम मी बऱ्याच जणांना दिलं आहे. अजून एकही यादी एका पॅनेलची निघालेली नाही.

मग त्या यादीतल्या रोज एकाला, तोंडी, समोर, एक वाक्य सांगा. 'त्या वेळी तू कौलं चढवलीस, ते अजून आठवतं.' बस. पुढे 'म्हणून' लावायचं नाही. मत, पॅनेल, टाकी, काही नाही. उमेदवारांच्या घरच्यांना निकाल लागेपर्यंत यातून वगळा, नाहीतर तुमचे आभारही प्रचारात मोजले जातील. शाळेच्या गुरुजींना मात्र विसरू नका. मतदानाची ड्यूटी म्हणून ते आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या घेऊन कुठल्या तरी अनोळखी वाडीतल्या शाळेत बाकड्यावर झोपणार आहेत. तुमच्या शाळेत येतील त्यांना रात्री गरम पेज आणि पापड मिळेल असं बघा. दोन्ही पॅनेलच्या बायकांनी मिळून केलंत तर आणखी चांगलं.

पुतण्याबद्दल एक. तुम्ही त्याला नुसतं 'उमेदवार' लिहिलंय. नाव एकदाही आलं नाही, आणि ते फक्त ओळख लपवायला नसावं असं मला वाटलं. गावात गाऱ्हाणं घालतात ते आठवा. देवासमोर उभा राहून मागणारा एकट्या घरासाठी मागत नाही. वाडीतली लेकरं, गुरंढोरं, मुंबईला गेलेले चाकरमानी, सासरी गेलेल्या लेकी, सगळ्यांची नावं घेत सुख मागतो आणि प्रत्येक मागणीला जमलेले सगळे 'होय महाराजा' म्हणतात. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या पोरासाठीही तुमच्या तोंडून होय महाराजा निघतं. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या पोरासाठी एवढंच मागा: त्याचा घसा नीट राहू दे, तो वेळेवर जेवू दे, गाडी सांभाळून चालवू दे. तो जिंकू दे असं मागायची गरज नाही. लहानपणी त्याला तुम्ही न्हाऊ घातलं असेल. त्या हातांना पॅनेल नव्हतं.

आता सहन करू नये ते. माया आणि कृतज्ञता यांच्या नावाखाली पुढच्या गोष्टी गिळू नका. विहीर बंद करणं, देवळात वा पालखीला येऊ न देणं, तुमच्याशी बोलणाऱ्याला दंड लावणं, म्हणजे वाळीत टाकणं, हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाऊबाई बोलत नाहीत हा बहिष्कार नव्हे, तो रुसवा आहे. दोन्हींत गल्लत नको. मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, पाकीट 'वाडीच्या देवळासाठी' म्हणून आलं तरी. 'तुमच्या घरातली मतं कुठे गेली ते कळेल' अशी कोणी धमकी दिली तर घाबरू नका. छोट्या प्रभागात लोक अंदाज बांधतात, पण मत गुप्त असतं आणि ते सांगायला कोणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. दारू घरात येऊन हात उगारला जात असेल तर ११२.

आणि तुमच्याबद्दल: दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको असा विचार एकदा जरी आला तरी निकालाची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे आणि त्याच्या नावाची आपल्याकडे उगाच भीती आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोपेची तक्रार घेऊन आलेली साधी घरसंसारी माणसं रोज रांगेत बसलेली असतात.

निकालाच्या दिवसाचं आत्ताच ठरवा, त्या दिवशी सुचत नाही. गुलाल आणि फटाके तुमच्या सामाईक अंगणातून जाणार. त्या दिवशी यजमानांना सकाळीच कलमांच्या बागेत नाहीतर तालुक्याला काही कामाला पाठवता आलं तर पाठवा. स्टेटस कोणीच टाकायचं नाही, जिंकलात तरी. पुतण्या निवडून आला तर साखर घेऊन जा, त्याच्या हातावर ठेवा आणि सांगा, 'बाळा, टाकीचं काम आता तुझ्याकडे आलं.' हे मनापासून म्हणा, त्यात आशीर्वाद आहे आणि मागणीही आहे, दोन्ही त्याला मिळू देत. पडला तर काही बोलायला जाऊ नका. त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही. रात्रीचं जेवण करा आणि टोप झाकून जाऊबाईंच्या मागच्या पडवीत ठेवून या.

उद्यापासून करायचं ते सोपं आहे. विहिरीवर तुम्ही आधी पोचत असाल तर स्वतःच्या कळशीआधी जाऊबाईंची कळशी भरून कठड्यावर ठेवा. बघू नका, थांबू नका. त्या उचलून नेतील, किंवा ओतून देऊन पुन्हा स्वतः भरतील. ओतली तरी परवा परत भरा. तीन आठवड्यांनी मला कळवा काय झालं ते, आणि ईसीजीचा कागद सोबत आणा.